तलावाच्या भिंतीवरचा एक तास

नवऱ्याने पाठवलेला पहिला फोटो मनीने नीट पाहिलासुद्धा नव्हता. गॅसवर दूध होतं, धाकटी बहीण कुठलीशी तक्रार सांगत होती, आणि फोटोखाली त्याने नेहमीसारखंच लिहिलं होतं, 'पाच वाजले. आत्ताच उतरलो परांचीवरून. उजवीकडच्या रेषा झाल्या.' तिने फोन ओट्यावर ठेवून दिला. दुसऱ्या दिवशीचा फोटो मात्र तिने बोटांनी मोठा करून पाहिला, आणि पाहता पाहता तिची मान तिरकी झाली.

मनी हे तिचं पाळण्यातलं नाव नव्हे. डोळे घारे, आणि अंधाऱ्या खोलीतही सुईत दोरा ओवायची, म्हणून वडिलांनी मनी म्हणायला सुरुवात केली आणि पुढे सगळ्या जगाने. वडील सावलीची घड्याळं बनवायचे. बागेतली, शाळेच्या भिंतीवरची, एखाद्या हौशी डॉक्टरच्या अंगणातली. ते काम त्यांच्यामागे आता मनी आणि तिचा नवरा करत होते. नवरा मूळचा गवंडी. गिलावा, कोरीव रेषा, सळई बसवणं हे त्याच्याकडे, आणि कागदावरची सगळी आखणी मनीकडे. कुठली भिंत, कुठे तोंड करून उभी आहे, त्या गावातून ध्रुवतारा किती उंच दिसतो, हे सगळं मांडून ती रेषांचा पंखा काढून द्यायची. सळई भिंतीतून तिरपी निघते, थेट ध्रुवाच्या रोखाने. सूर्य दिवसभर तिच्याभोवती फिरतो आणि तिची सावली एका रेषेवरून दुसऱ्या रेषेवर सरकत जाते. बस, एवढंच. चावी नको, सेल नको.

या वेळचं काम होतं दुसऱ्या गावच्या पोहण्याच्या तलावावर. तिथल्या मॅनेजरबाईंच्या डोक्यातून ती कल्पना निघाली होती. पाण्यातल्या माणसाच्या हातात घड्याळ नसतं, आणि प्रत्येक जण काठाशी येऊन 'किती वाजले?' विचारतो. कपडे बदलायच्या खोल्यांच्या दक्षिणेकडच्या भिंतीवर भलंमोठं घड्याळ हवं, पाण्यातून दिसेल असं. वडील गेल्यानंतर मनीने कुणालाही न विचारता आखलेलं हे पहिलंच घड्याळ.

फोटोत सळईची काळी सावली चारच्या रेषेवर पडली होती. अगदी नेमकी, जशी पट्टी लावून ओढावी.

आणि नवऱ्याने लिहिलं होतं, पाच वाजले, आत्ताच उतरलो.

सावलीच्या घड्याळात आणि हातातल्या घड्याळात थोडा फरक असतोच. वर्षभरात तो कधी इकडे, कधी तिकडे होतो, दहा-पंधरा मिनिटांचा, आणि तो मनीला पाठ होता. पण तासभर? तिने फोन लावला.

"फोटो कधी काढलास?"

"आत्ताच की. का गं?"

"सहज."

सहज म्हणून तिने फोन ठेवला खरा, पण त्या 'सहज'मध्ये सहज काही नव्हतं, हे समोर बसलेल्या धाकटीने लगेच ओळखलं.

धाकटी गेल्या वर्षापासून ताईकडेच राहत होती. तिच्या नवऱ्याने दोन वर्षं रोज संध्याकाळी ओव्हरटाइम केला होता, आणि तो ओव्हरटाइम गावाच्या दुसऱ्या टोकाला, तिसऱ्या मजल्यावर राहतो हे तिला शेवटी दूधवाल्याकडून कळलं होतं. तेव्हापासून कुणीही 'आत्ताच' म्हटलं की तिचे कान टवकारायचे.

"काय झालं, ताई?"

"काही नाही. चारला काढलेला फोटो पाचला पाठवलाय, आणि म्हणतोय आत्ताच काढला."

धाकटी हातातलं काम बाजूला ठेवून म्हणाली, "तास म्हणजे काय थोडा वेळ असतो का गं?"

"तू गप्प बस."

"बसते. मी आपलं विचारलं."

तिसऱ्या दिवशीही तेच झालं. संदेश पाचचा, सावली चारची. आता मात्र मनीला राहवेना. तिने सरळच विचारलं, "तू काम चारला संपवतोस का?"

"नाही गं बाई. उतरतो, फोटो काढतो, पाठवतो. आहे काय आज तुझं?"

"सावली चारवर आहे."

पलीकडून तलावातल्या पाण्याचा चुबुक-चुबुक आवाज तेवढा येत राहिला.

"चारवर?" तो म्हणाला.

"चारवर."

"असं." मग, "रेंज नाही इथं धड. फोटो उशिरा जात असेल."

"आत्ताच तर म्हणालास, काढतो आणि पाठवतो."

"अगं, मी पाठवतो. तो जातो उशिरा. ठेवतो मी, तिकडे हाक मारतायत."

मनी फोनकडे बघत राहिली. बारा वर्षांच्या संसारात नवऱ्याला थाप मारता आली नव्हती. साधा कप फुटला तरी तो कपाचे तुकडे हातात घेऊन समोर उभा राहायचा. आणि आज फोनवर त्याचा आवाज असा आला होता, की बोलायच्या आधी त्याने तो कुठेतरी लपवून बघितला असावा.

चौथ्या दिवसापासून फोटोंतली सावली गेली.

म्हणजे फोटो येत होते, पण कसले? एकदा नुसता आकड्यांचा, जवळून घेतलेला. एकदा चुन्याच्या घमेल्याचा. एकदा परांचीचा, आणि तिच्यावर निळी ताडपत्री टाकलेली. 'ऊन लागतं गं,' असं खाली लिहिलेलं. ज्या माणसाने उभा जन्म उन्हात काढला त्याला एकाएकी ऊन लागायला लागलं! धाकटीने तो फोटो पाहिला आणि भुवई वर केली. ती भुवई मनीला दिवसभर दिसत राहिली.

मग त्याचा फोन आला की आणखी चार-पाच दिवस लागतील.

"का? रेषा तर संपत आल्या होत्या."

"गिलाव्याला थोडी भेग पडलीय. मी बघतो. तू नको काळजी करू."

"मी येऊ?"

"छे छे! तू कशाला येतेस इतक्या लांब?" तो जरा जास्तच घाईने म्हणाला, आणि त्याच वेळी मागून एका बाईचा आवाज आला, मोकळा, ओळखीचा, घरातल्यासारखा. "या लवकर! वेळ होत आली, मी वर येते छत्री घेऊन!"

"कोण आहे रे?"

"मॅनेजरबाई. ठेवतो हं."

मनीला ती मॅनेजरबाई आठवली. माप घ्यायला ती एकटीच गेली होती तेव्हा भेटली होती. उंच, खांदे रुंद, एके काळची पट्टीची पोहणारी, आणि हसली की सगळं अंग हसायचं. तेव्हा मनीला ती फार आवडली होती. आता तेच हसणं तिला फोनमधल्या त्या आवाजामागे ऐकू येऊ लागलं.

शेवटची भर घातली ती रंगवाल्याने. कोपऱ्यावरच्या त्याच्या दुकानात मनी ब्रश आणायला गेली होती. तो बिचारा सरळ माणूस. ब्रश कागदात गुंडाळता गुंडाळता म्हणाला, "मग, मिळाला का तिकडे चुना? मी गाडीवाल्याबरोबर पाठवला होता. आणि संगमरवराची पूडही."

"कुणी मागवला?"

"तुमच्या मिस्टरांनी. अख्खी भिंत पुन्हा होईल एवढा..." आणि तिथे त्याने जीभ चावली. "अरेच्चा. ते म्हणाले होते, घरी बोलू नका. जाऊ द्या. मी काही बोललो नाही."

मनी घरी आली ती तरातरा. भेगेला कुणी अख्ख्या भिंतीचा चुना मागवत नाही. कुणाची भिंत सारवतोय हा? त्या उंच बाईचं घर? तिला तो डोळ्यांपुढे दिसू लागला, परक्या स्वयंपाकघरात, बाह्या वर करून, गुणगुणत गिलावा करताना. रोज चारला तलावावरून उतरायचं, तासभर तिकडे घालवायचा, आणि मग पाचला बायकोला फोटो. पकडला गेला तशी सावलीच झाकून टाकली. माणसाला काय, हवं ते बोलता येतं. सावली बिचारी काय बोलणार, जिथे असेल तिथे पडणार. मनीने सगळं जोडून पाहिलं आणि कुठेही फट राहिली नाही.

"मी उद्या सकाळच्या बसने जाते," तिने धाकटीला सांगितलं.

"सांगून जाणार?"

"नाही."

"शहाणी आहेस," धाकटी म्हणाली, आणि त्या शाबासकीने मनीला उगाचच रडू आलं.

बसमध्ये तिने मनाशी सगळी वाक्यं तयार केली. पहिलं वाक्य फार सुंदर जमलं होतं. पण तलावाच्या फाटकाशी पोचल्यावर तिचे पाय आत जाईनात. ती मेंदीच्या कुंपणाला वळसा घालून मागे गेली आणि जिथे पानं विरळ होती तिथून बघू लागली. आपण हे काय करतोय, असं एकदा तिच्या मनात आलं. पण मान मागे गेली नाही.

तलावात पाच-सहा जण पोहत होते. भिंतीला परांची, परांचीवर ती निळी ताडपत्री. ताडपत्रीखाली दोन जोड्या पाय. एक जोडी तिच्या नवऱ्याची, अंगठ्याला चुना लागलेली. दुसरी अनवाणी, लांब बोटांची. दोघं इतकी जवळ उभी होती की मनीला कुंपणाची काटकी हातात मोडल्याचं कळलंसुद्धा नाही. मग ताडपत्रीखालून त्या बाईचा आवाज आला, "झाली का वेळ? थांबा हं... थांबा..." आणि नवरा म्हणाला, "हात नका हलवू." दोघं हसली.

मनी ऊन अंगावर घेत तिथेच उभी राहिली. किती वेळ ते तिला कळलं नाही. ओठ कोरडे पडले. बसमध्ये जमवलेलं पहिलं वाक्य पार विसरून गेलं.

तेवढ्यात बारा वाजल्याचा भोंगा झाला. गावातल्या कुठल्या तरी कारखान्याचा असावा, लांबलचक, चिरका. ताडपत्री एकदम बाजूला सारली गेली. मॅनेजरबाई एका हातात छत्री धरून उभ्या होत्या, दुसऱ्या हातात पोहणाऱ्यांची वेळ मोजायचं घड्याळ होतं, गळ्यातल्या दोरीला बांधलेलं. "बारा!" त्या ओरडल्या आणि त्यांनी छत्री झटकन मागे घेतली. भिंतीवर ऊन पडलं. नवऱ्याने गुडघे टेकले आणि सावली जिथे होती तिथे पेन्सिलीने एक बारीक खूण केली.

बाराला सावली सळईच्या बरोबर खाली पडली पाहिजे होती, ओळंबा सोडावा तशी. बाराची रेषा मनीने तिथेच काढली होती. ती दिसत होती, खोल, नीट कोरलेली. सावली तिच्यावर नव्हती. ती अकराच्या रेषेला जाऊन टेकली होती.

मनीने आधी सावलीकडे पाहिलं, मग रेषेकडे, मग पुन्हा सावलीकडे. भोंगा खोटा असू शकत नव्हता, मॅनेजरबाईंचं घड्याळ खोटं असू शकत नव्हतं. मग खोटं काय उरलं? फोटो चारचे नव्हते. फोटो पाचचेच होते. नवरा पाचलाच उतरत होता, पाचलाच पाठवत होता. चार म्हणत होत्या त्या तिच्या रेषा.

तिने फाटकातून आत जाऊन परांचीखाली उभं राहून हाक मारली. हाक कसली, नुसतं नवऱ्याकडे बघितलं. त्याने वरून खाली पाहिलं आणि पेन्सिल त्याच्या हातून सुटून थेट पाण्यात गेली.

"मने! तू?"

"किती दिवसांपासून माहीत आहे तुला?"

तो हळूहळू खाली उतरला. मॅनेजरबाईंनी एकदा त्याच्याकडे आणि एकदा तिच्याकडे पाहिलं, आणि छत्री मिटून, कुणीतरी आंघोळ न करता पाण्यात उडी मारली म्हणून ओरडायला लांबच्या काठाकडे निघून गेल्या.

"तू विचारलंस ना, सावली चारवर कशी, तेव्हा कळलं," तो म्हणाला. "तोवर मी बघितलंच नव्हतं. रेषा तुझ्या आहेत म्हटल्यावर मी कशाला तपासू? फोन ठेवला आणि वर जाऊन पाहिलं. सगळ्याच मागे."

"मग सांगितलं का नाहीस?"

"वडील गेल्यावर तुझे काका काय बोलले होते आठवतं? बाप आखायचा म्हणून पोरीला आखता येतं असं नसतं. चार दिवस जेवली नव्हतीस तू. आणि हे तुझं पहिलं." त्याने हाताच्या मागच्या बाजूने कपाळ पुसलं आणि कपाळाला चुना लागला. "म्हटलं, गुपचूप निस्तरावं. यांनी वेळ सांगायची, मी दर तासाला सावलीची खूण करायची. उन्हात पेन्सिलीची खूण दिसत नाही म्हणून छत्री. सगळ्या तासांच्या खुणा झाल्या की जुना गिलावा काढून नव्याने करायचं, नव्या रेषा कोरायच्या. तुला कळलंही नसतं."

"आणि हिवाळ्यात?"

"हिवाळ्यात काय?"

"अरे, रेषा चुकल्या म्हणजे भिंतीचं तोंड मी चुकीचं धरलं. म्हणजे तुझी सळईसुद्धा ध्रुवाकडे नाही. या खुणा आत्तापुरत्या जमतील. सूर्य खाली उतरला की सावली पुन्हा भलतीकडे जाईल. मग लोक म्हणतील, उन्हाळ्यात बरोबर आणि थंडीत बिघडणारं घड्याळ!"

तो परांचीच्या खालच्या फळीवर बसला. "म्हणजे हे पाच दिवस फुकट?"

"फुकट."

त्याने पायाच्या अंगठ्यावरचा चुना नखाने खरवडला. मग त्याने विचारलं, "पण तू न सांगता कशी आलीस?"

मनीला काहीही सांगता आलं असतं. भेगेची काळजी वाटली, तुझी आठवण आली, काहीही. ती म्हणाली, "मला वाटलं तुझं इथं काहीतरी चाललंय."

"काय चाललंय?"

तिने लांबच्या काठाकडे पाहिलं. तिथे मॅनेजरबाई कमरेवर हात ठेवून एका टकल्या गृहस्थाला झापत होत्या. नवऱ्याने तिची नजर कुठे गेली ते पाहिलं आणि आधी तो खो खो हसला. मग ते हसू जसं आलं तसं विझलं.

"तासाभरावरून?" तो म्हणाला.

"तू रंगवाल्याला सांगितलंस, घरी बोलू नका. फोटोतली सावली काढून टाकलीस. गिलाव्याला भेग पडली म्हणालास. पडलीय का?"

"नाही."

"मग मी काय समजायचं?"

"बरोबर आहे," तो म्हणाला. पण त्याच्या तोंडावर तसं काही दिसेना. तो उठला आणि आपली अवजारं उगाचच पुन्हा नीट लावू लागला.

चूक कुठे झाली ते शोधायला फार वेळ लागला नाही. पहिल्यांदा आली तेव्हा आभाळ भरलं होतं आणि परतीची बस निघायची होती. वडील सूर्याची वाट बघायचे. भिंतीत खिळा ठोकायचा, ओळंबा सोडायचा, खिळ्याची सावली कागदावर टिपायची आणि तिच्यावरून भिंतीचं तोंड काढायचं, मग त्यात दोन दिवस गेले तरी चालतील. मनीने होकायंत्र भिंतीला टेकवलं होतं आणि आकडा लिहून घेतला होता. आता तेच होकायंत्र हातात धरून ती भिंतीकडेने चालत गेली, तर मधोमध आल्यावर सुई अशी वळली की कुणी हाक मारावी.

"या भिंतीमागे काय आहे?" तिने मॅनेजरबाईंना विचारलं.

"पंपाची खोली. पाणी गाळायची लोखंडी पिंपं आहेत, माणसापेक्षा उंच. का हो?"

मनीने कपाळावर हात मारून घेतला.

ती तीन दिवस तिथेच राहिली. खिळा ठोकला, ओळंबा सोडला, ऊन टिपलं. रात्रीपुरतं निजायला मॅनेजरबाईंनी आपल्या घरची खोली दिली. त्या घराच्या भिंतींना कित्येक वर्षांत कुणी हात लावलेला नव्हता, पोपडे निघाले होते, आणि ते बघून मनीला मान वर करवेना. जुन्या रेषा नवऱ्याने खरवडायला घेतल्या तेव्हा तिने त्याच्या हातातलं अवजार घेतलं आणि स्वतः खरवडल्या. तो बाजूला उभा राहून धूळ झटकत होता. कामाचं सगळं बोलत होता. हे धर, ते दे, जरा डावीकडे. कामापलीकडचं एक अक्षर नाही.

नव्या सळईची सावली भोंग्याबरोबर जागच्या जागी पडली, तेव्हा पाण्यातल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. मनीने नवऱ्याकडे पाहिलं. तो पाण्याकडे बघत होता.

दोघं घरी पोचली तेव्हा धाकटी दारातच उभी होती. "काय निघालं?" तिने ताईच्या कानाशी येऊन विचारलं.

"लोखंड निघालं," नवरा तिच्यामागून म्हणाला आणि पिशव्या घेऊन आत गेला.

मनीने तिला सगळं सांगितलं. धाकटीने ऐकून घेतलं, थोडा विचार केला आणि म्हणाली, "बरं. पण ती बाई एकटीच राहते ना?"

"हे बघ," मनी म्हणाली, "तुझं झालं ते वाईट झालं. पण आता एक शब्द बोललीस तर माझ्याशी गाठ आहे." धाकटीचं तोंड एवढंसं झालं. मनीला तिची दया आली, आणि स्वतःचीही. कारण तो प्रश्न तिच्या मनात येऊन गेला नव्हता असं नाही.

ती आत गेली. नवरा खिडकीशी बसून पटाशीला धार लावत होता. तिने न विचारताच सगळं सांगून टाकलं. कुंपणामागे उभी राहिले होते, पायांच्या जोड्या मोजल्या, हसणं ऐकलं, काटकी मोडली. त्याने मान वर केली नाही. दगडावर पटाशी फिरत राहिली.

"उन्हात उभी होतीस?" शेवटी त्याने विचारलं.

"हो."

"इतका वेळ? समोर नळ होता. पाणी तरी प्यायचंस."

त्याचा राग तिथेच संपला असं नाही. पुढे बरेच दिवस तो जेवताना गप्प असायचा आणि फोन वाजला की मुद्दाम तिच्यासमोर उचलायचा, मोठ्याने बोलायचा, ते मनीला झोंबायचं. एका सकाळी मात्र त्याने नव्या कामाचा कागद तिच्यापुढे टाकला आणि विचारलं, "ही भिंत बघायला कधी जायचं?"

"तुला सवड असेल तेव्हा," ती म्हणाली. "दोघं जाऊ."

"आणि ढग असले तर?"

"तर थांबू तिथेच."

"चालेल," तो म्हणाला, आणि चहा मागितला.